कडेला झोपणाऱ्याची थंडी

भोगीच्या रात्री आमच्या घरात दरवर्षी एकच भांडण होतं. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी नातवंडं सोलापुरात जमतात. त्यांची आजी माडीवर ओळीने गाद्या घालते, प्रत्येकाच्या अंगावर एकेक सोलापुरी चादर येते, आणि मग प्रश्न उभा राहतो : कडेला कोण झोपणार? मधल्याला दोन्ही बाजूंनी ऊब मिळते. कडेच्याला एकाच बाजूने शेजारी, दुसऱ्या बाजूने जानेवारीचं वारं.

यंदा ओढाताण सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "थांबा. आज कुणालाही ढकलायचं नाही. आधी गोष्ट ऐका. कडेला झोपणाऱ्याचीच गोष्ट आहे. ती संपली की ज्याला जावंसं वाटेल त्याने कडेला जावं."

"राजाची आहे काय?" धाकट्याने विचारलं.

"राजाची नाही. एका स्फटिकाची आहे. आणि तिची सुरुवात तूच केलीस आज दुपारी."

दुपारी त्याने स्वयंपाकघरात प्रयोग मांडला होता. छोटी बॅटरी, दोन वायरी आणि एक इवलासा एलईडी. वायरींच्या टोकांमध्ये काय काय धरायचं आणि दिवा लागतो का ते वहीत लिहायचं. चमचा धरला, दिवा लागला. साखरेचा खडा, नाही. काचेची बांगडी, नाही. पेन्सिलीतलं शिसं धरलं तर मंद का होईना, पण लागला. वहीत दोन रांगा झाल्या : वीज वाहू देणारे आणि वीज अडवणारे. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, एकच वस्तू आतून चमच्यासारखी आणि वरून बांगडीसारखी असेल काय? रंग लावलेली नव्हे. आतबाहेर एकच."

मी अनेक वर्षं विज्ञान शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. तर बाळांनो, त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. ते कसं, ते सांगतो.

आधी वीज वाहते म्हणजे काय होतं, ते बघू. पदार्थात इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांना बसायला जागा ठरलेल्या असतात. तुमच्या शाळेतले बाक डोळ्यांपुढे आणा. एका बाकावर दोघं, तिसऱ्याला जागा नाही. वर्गातल्या प्रत्येक बाकावर दोघं बसले असतील तर कुणाला हलता येईल? कुणालाच नाही. असा पदार्थ वीज अडवतो. पण प्रत्येक बाकावर एकेकच मुलगा असेल तर? अर्धी जागा रिकामी. या बाकावरून त्या बाकावर खुशाल सरकावं. असा पदार्थ म्हणजे धातू. 1930च्या आसपास शास्त्रज्ञांनी हा हिशेब पक्का मांडला. जागा मोजा, इलेक्ट्रॉन मोजा, वाहक की रोधक ते सांगून टाका.

हिशेब सुंदर होता, आणि बहुतेक ठिकाणी बरोबर यायचा. पण 1937 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका परिषदेत द बूर आणि फरवे हे दोन डच शास्त्रज्ञ म्हणाले, की आमच्याकडे निकेल ऑक्साइड आहे. तुमच्या हिशेबाने त्याचे बाक पुरते भरलेले नाहीत, म्हणजे त्यातून वीज वाहायला हवी. ती वाहत नाही.

"असं कसं?" मोठी नात म्हणाली. तिच्या मांडीवर वही होती आणि त्यात ती उद्याच्या रांगोळीचे ठिपके मांडत होती. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर तिलाही चार हात रस्ता रांगोळीसाठी मिळाला होता.

मी तिलाच विचारलं, "तुझ्या वर्गात प्रत्येक बाकावर एकेकच मुलगी आहे, पण कुणाचं कुणाशी पटत नाही. शेजारी कुणी येऊन बसलं की अंगावर काटा येतो. मग?"

"मग कुणी हलणारच नाही. सगळ्या आपापल्या बाकावर."

नेमकं हेच ब्रिस्टलच्या चर्चेत रुडॉल्फ पायर्ल्स या शास्त्रज्ञाने सुचवलं. इलेक्ट्रॉन सगळे ऋणभाराचे. एकाच बाकावर दोघं आले की एकमेकांना दूर लोटतात. नेव्हिल मॉट या इंग्रज शास्त्रज्ञाने हा विचार उचलला आणि 1949 साली तो नीट मांडला. जागा रिकामी असूनही केवळ एकमेकांच्या धाकाने इलेक्ट्रॉन गोठतात, अशा पदार्थाला आज 'मॉट रोधक' म्हणतात. मॉट यांना 1977 चं नोबेल मिळालं, फिलिप अँडरसन आणि जॉन व्हॅन व्लेक यांच्याबरोबर वाटून.

आता एक गोष्ट मनात पक्की धरा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या मनात दोन ओढी असतात. एक, शेजारच्या बाकावर उडी मारायची. दुसरी, कुणाच्या बाकावर गर्दी करायची नाही. उडीची ओढ जिंकली तर धातू. गर्दीचा धाक जिंकला तर रोधक. आणि उडीची ओढ किती, ते ठरतं आजूबाजूला शेजारी किती आणि ते किती जवळ, यावर.

काही पदार्थांत या दोन ओढी जवळजवळ बरोबरीच्या असतात. मग जरासं निमित्त पुरतं. ऊन वाढलं, थंडी पडली की पदार्थ बाजू बदलतो. व्हॅनेडियम डायऑक्साइड नावाचा एक पदार्थ खोलीच्या तापमानाला वीज अडवतो, पण 68 अंश सेल्सिअसच्या वर तापवला की धातूसारखा वागतो. मॉरिन या शास्त्रज्ञाने 1959 साली त्याची नोंद केली.

"अडुसष्ट!" धाकटा ओरडला. "आपल्या सिद्धेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांएवढे!"

योगायोग आहे, पण आकडा लक्षात ठेवायला सोलापूरच्या पोराला याहून चांगली खूण मिळणार नाही.

आता आपल्या स्फटिकाकडे येऊ. आज आजीने बाजरीच्या भाकऱ्या केल्या, वर तीळ लावले. भाकरी फुगली तेव्हा वरचा पापुद्रा सुटून आला की नाही? तसे काही स्फटिक निसर्गात पापुद्र्यांचेच बनलेले असतात. अभ्रक नखाने सोलता येतो. पेन्सिलीतलं ग्राफाइट कागदावर घासलं की त्याचे थर सुटून कागदाला चिकटतात, तेच तुमचं अक्षर. एका थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण थर आणि थर यांच्यातली पकड सैल असते. चादरींचा गठ्ठा असतो ना, तसं. चादरीतला ताणा आणि बाणा सहजी सुटायचे नाहीत, पण गठ्ठ्यातली वरची चादर एका हाताने उचलता येते.

टँटलम नावाचा एक जड धातू आहे. गंधकाबरोबर तो असाच थरांचा स्फटिक बनवतो : टँटलम डायसल्फाइड. मध्ये टँटलमच्या अणूंची चादर, तिच्या वर आणि खाली गंधकाच्या अणूंची चादर, असा तिहेरी थर. त्याची जाडी सुमारे 0.6 नॅनोमीटर. एक मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात असे साडेसोळा लाखांच्या आसपास थर बसतात.

या स्फटिकाला थंड करत गेलं की त्याच्या थरात काय होतं ते सांगायला मला तुझी वही हवी, मी नातीला म्हटलं. तिने पुढे केली. मी तिला ठिपके घालायला लावले, एका ओळीचे ठिपके दुसऱ्या ओळीच्या मधोमध येतील असे. पहिल्या ओळीत एक, मग चार, मग तीन, मग चार, मग एक.

"मोज."

"तेरा."

"आता बाहेरची टोकं जोड."

तिने रेषा ओढल्या आणि सहा टोकांची चांदणी उमटली. मधोमध एक ठिपका, त्याच्याभोवती सहा, आणि सहा टोकांना सहा. बाळांनो, ही रांगोळी टँटलमचे अणू आपली आपण काढतात. स्फटिक थंड होऊ लागला की बारा अणू मधल्या तेराव्याकडे जरा सरकतात, आणि थरभर अशा चांदण्या उमटतात, एकीला लागून दुसरी. एका चांदणीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारे 1.2 नॅनोमीटर. उणे 93 अंशांच्या आसपास ही रांगोळी एकही ठिपका न चुकता सगळ्या थरात बसते, आणि त्याच क्षणी स्फटिकाचा विजेला होणारा विरोध एकदम सुमारे दहापट वाढतो. त्याला पुन्हा तापवलं तर तो त्याच तापमानाला परतत नाही. उणे 50 अंशांच्या जवळ येईपर्यंत त्याचा रुसवा टिकतो.

का वाढतो हा विरोध? प्रत्येक टँटलम अणूकडे या खेळासाठी एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. चांदणीत तेरा अणू, म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन. बारांच्या सहा जोड्या लागतात आणि ते बाकावर दोघं दोघं बसून जातात. तेरावा उरतो एकटा. म्हणजे एका चांदणीत एक एकटा इलेक्ट्रॉन, आणि शेजारच्या चांदणीत दुसरा. प्रत्येक बाकावर एकेक मूल! हंगेरीचे पाट्रिक फाझेकाश आणि इटलीचे एरिओ तोझात्ती यांनी 1979 साली हे ओळखलं. ते म्हणाले, चांदण्या दूर दूर आहेत, तेराव्याला उडी मारणं अवघड, गर्दीचा धाक मात्र तसाच. म्हणून तो आपल्या चांदणीत गोठतो.

"बिचारा तेरावा," धाकटा म्हणाला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. गंधकाच्या जागी त्याचा भाऊबंद सेलेनियम घातला तर टँटलम डायसेलेनाइड तयार होतं. थर तसेच, तेरा ठिपक्यांच्या चांदण्या तशाच. त्या तर इथे खोलीच्या तापमानालाही असतात. फरक एवढाच, की इथे इलेक्ट्रॉनला शेजारी उडी मारणं थोडं सोपं जातं. त्यामुळे हा स्फटिक कितीही थंड केला तरी आरपार वीज वाहू देतो. तारा जोडून मोजणाऱ्यांनी सांगितलं : हा धातू आहे.

मग शास्त्रज्ञ लुका पेर्फेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला दुसऱ्या तऱ्हेने विचारलं. ही तऱ्हा तुम्हाला आज सकाळीच ठाऊक झाली. परसात बोरं पाडलीत ना? दगड मारला की कुठली बोरं खाली येतात? बाहेरच्या फांद्यांवरची. आतली सुटली तरी काट्याकुट्यात अडकतात. स्फटिकावर पुरेशा ताकदीचा प्रकाश टाकला की त्यातून इलेक्ट्रॉन असेच उडून बाहेर येतात. प्रकाशाचा हा गुण आइन्स्टाइन यांनी 1905 साली उलगडून सांगितला आणि त्याबद्दल त्यांना 1921 चं नोबेल मिळालं. उडालेला इलेक्ट्रॉन किती वेगाने आला हे मोजलं की तो आत किती घट्ट धरलेला होता ते कळतं. खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात, म्हणून बाहेर येणारे बहुतेक वरच्या दोन-चार थरांचेच असतात. ही तऱ्हा स्फटिकाची फक्त कातडी बघते. त्यासाठी स्फटिक निर्वात पेटीत ठेवून तिथेच त्याचा वरचा पापुद्रा सोलतात. हवेचा कणही लागलेला नसतो, असा कोरा थर उघडा पडतो.

त्यांनी तो कोरा थर हळूहळू थंड केला. आधी सहज उडणारे, हलायला मोकळे असे इलेक्ट्रॉन दिसत होते. तापमान सुमारे उणे 13 अंशांच्या खाली गेलं आणि ते दिसेनासे झाले. वरचा थर गोठला होता. 2003 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आत धातू, वर रोधक, आणि पदार्थ आतबाहेर एकच. दोन वर्षांनी टोकदार सुईने अणूंवरून हात फिरवणाऱ्या सूक्ष्मदर्शकानेही तीच साक्ष दिली.

मी थांबलो. माडीवर शांतता होती. लांबून गड्ड्याच्या पाळण्यांचे भोंगे ऐकू येत होते. मी विचारलं, "वरचाच थर का गोठला असेल?"

धाकट्याने गादीकडे बघितलं. मग कडेच्या उशीकडे. मग म्हणाला, "आजोबा, त्याला वरच्या बाजूला शेजारीच नाही की!"

मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. अगदी तेच, बाळा. आतल्या थराला वरूनही शेजारी, खालूनही. इलेक्ट्रॉनला दोन्हीकडे उडी मारायची सोय. सगळ्यात वरच्या थराला फक्त खालून शेजार. उडीच्या वाटा कमी झाल्या, तशी उडीची ओढही कमी झाली. गर्दीचा धाक मात्र होता तेवढाच राहिला. दोन्ही ओढी मुळात जवळजवळ बरोबरीच्या होत्या. त्यात थंडीने चांदण्या आणखी आवळल्या, आणि पारडं फिरलं. आतल्यांचं फिरलं नाही, कडेच्याचं फिरलं.

म्हणून शास्त्रज्ञ पृष्ठभागाला पदार्थाची नुसती शिवण समजत नाहीत. ती एक वेगळीच जागा आहे, तिचे वेगळे नियम आहेत. आज संगणकाच्या चिपमध्ये, स्मृती साठवणाऱ्या भागांमध्ये, बरंचसं काम थरांच्या कडांवर आणि जोडांवर चालतं. आणि बाजू बदलणारा स्फटिकही स्मृतीच्या कामी येऊ शकतो. 2014 साली स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना इथल्या शास्त्रज्ञांनी थंड, गोठलेल्या टँटलम डायसल्फाइडवर लेझरचा एकच झोत टाकला. एका सेकंदाचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा दहा लाख करा. असे 35 तुकडे, एवढाच तो झोत होता. तेवढ्यात त्या स्फटिकाने बाजू बदलली, वीज वाहू दिली, आणि थंड ठेवल्यावर तसाच राहिला. वाहतो आणि अडवतो, एक आणि शून्य. यातून उद्या स्मृतीची नवी तऱ्हा निघू शकेल, या आशेने लोक काम करत आहेत.

"मग सगळं कळलं म्हणायचं की," नात म्हणाली.

नाही गं. गोष्टीचा सगळ्यात गोड भाग अजून चालू आहे. टँटलम डायसल्फाइडच्या स्फटिकात थर एकमेकांवर कसे रचले जातात, हे बारकाईने पाहिलं तर तिथे दोन-दोन थरांच्या जोड्या लागलेल्या आढळतात. आता हिशेब कर. एका थराच्या चांदणीत तेरा, तिच्यावरच्या चांदणीत तेरा.

"सव्वीस. म्हणजे तेराव्याला जोडीदार मिळाला!"

हो. मग एकट्याचा धाक राहिला कुठे? सगळे बाक भरले, कुणी हलू शकत नाही, म्हणजे हा तर आपल्या पहिल्या हिशेबातला साधा रोधक. ज्याला इतकी वर्षं मॉटच्या तऱ्हेचा समजलं, तो तसा आहे की जोडीने बसलेल्यांचा, यावर आज जगभर वाद चालला आहे. 2020 साली जपानमधल्या रिकेन संस्थेच्या बटलर, हानागुरी आणि सहकाऱ्यांनी सुईच्या सूक्ष्मदर्शकाने सोललेले थर तपासले. पापुद्रा सोलताना कधी तो दोन जोड्यांच्या मधून निघतो. कधी जोडी फोडून निघतो, आणि वर एकटा थर उरतो. त्यांना अशा दोन्ही तऱ्हांचे पृष्ठभाग दिसले, आणि दोन्ही वीज अडवत होते, पण सारख्या तऱ्हेने नव्हे. जोडीदार गमावलेल्या थरावर पुन्हा तो तेरावा एकटा, पुन्हा मॉट यांचा विचार. इथेही सगळी गोष्ट येऊन थांबली ती शेजाऱ्यावरच.

प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून पदार्थ वाचणारे लोक आपल्याकडेही आहेत. होमी भाभांनी 1945 साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आज मुंबईत कुलाब्याला आहे, तिथे. आणि इंदूरला इंडस-2 नावाचं मोठं प्रकाशयंत्र आहे, तिथे. आपल्या सोलापूरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या अहिल्यादेवी होळकरांचं इंदूर.  तुमच्यातलं कुणी तिथल्या निर्वात पेटीत एखादा स्फटिक ठेवेल, तेव्हा मी नसेन. पण तो सोलताना आजीच्या भाकरीचा पापुद्रा आठवा.

एवढं सांगून मी गप्प बसलो. नातीने वहीचं पान उलटलं आणि चांदणीला चांदणी जोडत सगळं पान भरून टाकलं. मधला प्रत्येक ठिपका तिने लाल पेनने ठळक केला. पानाच्या कडेला आलेल्या चांदण्यांपाशी तिचा हात थांबला. त्यांच्या एका बाजूला काहीच नव्हतं. त्यांचे ठिपके तिने निळे केले. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळ्याला सात नंदीध्वज त्या रस्त्याने गेले. बाराबंदीतल्या मानकऱ्यांच्या पावलांखाली तिची रांगोळी होती, लाल मधल्या चांदण्या आणि कडेने निळी किनार. लोकांनी ती नुसतीच सुंदर म्हणून पाहिली. ती सुंदर होतीच.

आणि भोगीच्या त्या रात्री, दिवा मालवण्याआधी, धाकट्याने आपली चादर उचलली आणि ओळीच्या टोकाला, खिडकीकडच्या बाजूला नेऊन टाकली.

"थंडी वाजेल," आजी म्हणाली.

"वाजू दे की," तो म्हणाला. "मला बघायचंय वरच्या थराला कसं वाटतं ते."

त्याने पाय पोटाशी घेतले आणि तो शेजारच्या भावंडाला चिकटून झोपला. रात्री उठून मी माझी चादरही त्याच्या अंगावर घातली.